ललिता रणपिसे आणि जावा नावाचा साप

साप चावला याचा ललिताला फारसा राग आला नाही. राग आला तो नंतरच्या फोनचा. अंगठ्याला पट्टी बांधून ती सोफ्यावर बसली होती, शेजारी मी होते, आणि तिचा मुलगा धम्मदीप अमेरिकेतून मोबाइलच्या पडद्यावर येऊन सांगत होता, "आई, तू काहीतरी वेगळं केलं असशील. तो असं कधी करत नाही."

"सापाची बाजू ऐकून घेतलीस ना?" ललिता म्हणाली. "झालं मग. ठेव फोन."

आणि तिनेच ठेवला.

ललिता आणि मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून बरोबरच लागलो. त्या काळी परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल लावावा लागायचा. कानाला हेडफोन, समोर प्लगच्या दोऱ्या खोचायचा बोर्ड, आणि लाइनवर खेकसणारं गिऱ्हाईक. एकदा एक बडे कारखानदार तिच्यावर बराच वेळ ओरडले. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आवाज उत्तम येतोय आपला. आता नंबर सांगा." त्यांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी तिला बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, "आवाज उत्तम येत होता, साहेब. खोटं कशाला बोलू?"

पुढे एसटीडी आलं, गल्लोगल्ली पिवळे बूथ निघाले, आमचा बोर्ड भंगारात गेला आणि आम्हाला तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिचा नवरा रामदास खडकीला कारखान्यात होता. धम्मदीप दहावीत असताना तो गेला. त्यानंतर ललिताने एकटीने मुलाला इंजिनिअर केलं. खडकीच्या क्वार्टरमधून बाहेर पडल्यावर शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव ऐकून दारं बंद झालेली तिने पाहिली होती. म्हणून आम्ही टेलिफोनवाल्यांनी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला सोसायटी केली तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. "इथं मला कुणी विचारणार नाही," ती म्हणाली होती, "इथं मी मालकीण." ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिच्या समोर. आता मूळचे लोक निम्मेच उरलेत. बाकीचे फ्लॅट आयटीतल्या पोरांना भाड्याने गेलेत.

धम्मदीपही आयटीतच लागला. लग्न झाल्यावर तो आणि त्याची बायको कल्याणी खराडीला राहायला गेले. रविवारी आईकडे जेवायला यायचे. एका एप्रिलमध्ये मात्र ते आले ते एक मोठी काचेची पेटी घेऊन. पेटीत लाकडाचा भुसा, एक पाण्याचं भांडं, आणि कोपऱ्यात काळ्या-बदामी ठिपक्यांचा, मनगटाएवढा जाड साप.

"कंपनी सहा महिन्यांसाठी पाठवतेय," धम्मदीप म्हणाला. "कल्याणीपण येतेय. तेवढे दिवस फक्त. विषारी नाहीये, आई. आफ्रिकेतला छोटा अजगर आहे. बॉल पायथन. घाबरला की चेंडू होतो, बस."

"आणि नाव काय याचं?"

"जावा."

"जावा? सासरी होत्या त्या दोन जावा कमी पडल्या का मला?"

मग धम्मदीपने समजावलं, की पायथन ही कॉम्प्युटरची एक भाषा आणि जावा ही दुसरी, म्हणून पायथनचं नाव जावा. हा विनोद आहे म्हणे. ललिताने तो पूर्ण ऐकला आणि हसली नाही. त्याने पेटी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवली होती. ती तिने तिथून उचलायला लावली आणि गॅलरीशेजारच्या खोलीत नेऊन ठेवली. "तिथे माणसं हात जोडतात," ती म्हणाली, "तिथे हे नाटक नको."

खरा स्फोट झाला तो कल्याणीने फ्रीजर उघडून मटारच्या शेजारी एक डबा ठेवला तेव्हा. डब्यात गोठवलेले पांढरे उंदीर होते. आठवड्याला एक, कोमट पाण्यात ठेवून गरम करायचा आणि द्यायचा. ललिता कल्याणीकडे पाहतच राहिली. कल्याणी बिचारी म्हणाली, "आई, मलाही आवडत नाही. मी त्याला सांगितलं होतं."

"तू सांगितलंस आणि त्याने ऐकलं नाही," ललिता म्हणाली, "आणि मला तर त्याने सांगितलंही नाही."

तरी तिने ठेवून घेतला. मुलगा परदेशी निघालाय, अशा वेळी दारातून परत कसं पाठवायचं, एवढाच विचार होता. विमानाला उशीर होतोय म्हणत धम्मदीपने पाच मिनिटांत सगळं सांगितलं आणि दोघं गेले.

चावा बसला तो मे महिन्यात. तिने स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उंदीर धरला, झाकण सरकवलं आणि हात आत घातला. चिमटा आखूड, हाताला उंदराचा वास. सापाने उंदीर सोडला आणि अंगठा धरला. नुसता धरला नाही, मनगटाला दोन वेढेही घातले. ललिता ओरडली नाही. डाव्या हाताने तिने मला फोन लावला आणि म्हणाली, "मुक्ता, जरा ये. दार उघडं आहे. किंचाळू नकोस."

मी गेले आणि किंचाळले. मग दोघींनी मिळून तो हात बेसिनमध्ये गार पाण्याच्या नळाखाली धरला. थोड्या वेळाने सापाने आपणहून तोंड सोडलं. अंगठ्यावर सुई टोचल्यासारखे बारीक ठिपके आणि थोडं रक्त. डॉक्टरांनी जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि "साप कुठे भेटला?" असं विचारलं. "घरीच असतो," ललिता म्हणाली.

आणि मग तो फोन. "तो असं कधी करत नाही."

दुसऱ्या दिवशी धम्मदीपने व्हिडिओंच्या लिंका पाठवल्या. तिने एकही उघडली नाही. ती सकाळी बस धरून स्वारगेटला गेली, तिथून बस बदलून कात्रजला, सर्पोद्यानात. मला बरोबर नेलं होतं, साक्षीदार म्हणून. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हालाच झापलं. असले परदेशी प्राणी पाळायचेच कशाला, विकणारे विकतात आणि हौस फिटली की लोक आमच्या दारात आणून टाकतात.

"मी पाळलेला नाही," ललिता म्हणाली. "माझ्याकडे टाकलेला आहे. तुमच्या दारात टाकायला मी आलेली नाही. तो का चावला तेवढं सांगा."

बाई नरमल्या. त्यांनी बसायला सांगितलं आणि नीट विचारलं. पेटीचं झाकण कधी उघडता? फक्त खायला द्यायला. इतर वेळी हात लावता? नाही. मुलगा लावायचा? ललिताला ठाऊक नव्हतं. तिने तिथूनच कल्याणीला फोन लावला. कल्याणी म्हणाली, वर्षापूर्वी आणला तेव्हा पहिले काही आठवडे हौसेने हातात घ्यायचा, नंतर वेळच मिळेना, मग फक्त खायला द्यायचा.

"मग बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो चिडलेला नाही, त्याचा गैरसमज झालाय. झाकण उघडलं की जेवण, एवढंच त्याला माहीत आहे. आत येईल ते त्याच्यासाठी जेवण. तुमचा अंगठासुद्धा."

मग त्यांनी उपाय सांगितला. खायला देताना हातभर लांबीचा चिमटा. आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही. आणि इतर दिवशी, जेवण नसताना, झाकण उघडून आधी एका काठीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा. काठी लागली म्हणजे आज जेवण नाही, हे त्याला हळूहळू कळतं. मग मधल्या अंगाला हाताचा आधार देऊन उचलायचं, तोंडासमोरून हात न्यायचा नाही.

परत येताना आम्ही स्वारगेटला बस बदलली. बसल्या बसल्या ललिता एकदम म्हणाली, "म्हणजे वर्षभर त्या जिवाला कुणी हातसुद्धा लावला नाही. काचेत ठेवला, विनोद म्हणून नाव ठेवलं, आणि मला म्हणतो, तो असं कधी करत नाही. अरे, तुला काय माहीत तो काय करतो!"

तिचा राग पहिल्यांदाच सापाच्या बाजूने झालेला मी ऐकला.

कपडे वाळत घालायची काठी तिने कापून आखूड केली. बाजारात जाऊन लांब चिमटा आणला. पहिले काही दिवस जावा काठीवरसुद्धा झेपावला. ती तिथेच उभी राहून म्हणायची, "संपलं? आता पुन्हा." एखाद्या तक्रारदाराशी बोलावं तशी. महिनाभरात काठी लागली की तो मान मागे घ्यायला लागला. पावसाळ्यात मी एका दुपारी गेले तर आमच्या बाई खुर्चीत बसून पेपर वाचत होत्या आणि जावा त्यांच्या दंडावर वेटोळं करून निवांत होता.

"लळा लागला की काय?" मी विचारलं.

"लळा कसला? पेटी साफ करायची होती. ठेवू कुठे याला?"

पेटी स्वच्छ होऊन बराच वेळ झालेला मला दिसत होतं.

एव्हाना सोसायटीत बातमी फुटली होतीच. वनखात्याला कुणीतरी कळवलं. तिथला माणूस येऊन पाहून गेला, हा आपल्याकडचा नाही, आमच्या कायद्यात बसत नाही, नीट बंदोबस्तात ठेवा म्हणाला. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण नागपंचमी आली.

त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या चंपाबाई नेसून-सवरून, ताटात दूध, लाह्या आणि हळदकुंकू घेऊन ललिताच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सोसायटीचे चेअरमन सीताराम उंडे, मोबाइल हातात घेऊन. उंडे आळंदीकडच्या एका गावचे. जमिनीला भाव आला तशी त्यांनी शेती विकली आणि आमच्यातल्याच एका निवृत्ताचा फ्लॅट घेतला.

"चंपाबाई, आमच्याकडे पूजा होत नाही," ललिता म्हणाली. "आणि साप दूध पीत नाही. पिला तर मरेल."

"मग लांबूनच हात जोडते," चंपाबाई म्हणाल्या. "आपल्या बिल्डिंगीत जिवंत नागोबा असताना मी चित्राची पूजा करू का?"

"तो नाग नाही, अजगर आहे."

"जातकुळी कशाला बघायची?" असं चंपाबाई अगदी सहज बोलून गेल्या आणि त्यावर मात्र ललिता हसली. तिने त्यांना आत घेतलं. चंपाबाईंनी खोलीच्या उंबऱ्याशी उभं राहून हात जोडले, दूध तसंच ताटात ठेवलं. तिथेच संपलं असतं.

पण नेमका त्या दिवशी जावाच्या जेवणाचा वार होता. बादलीत कोमट पाण्यात उंदीर ठेवलेला, खोलीत त्याचा वास. साप पेटीत डोकं वर करून, मानेचा एस करून बसलेला. उंडे म्हणाले, "बाई, जरा बाहेर काढा की. फोटो टाकतो ग्रुपवर."

"आज नाही. आज त्याचा खायचा दिवस आहे. आज तो कुणालाही धरेल."

"काय नाय होत. मी गावाकडला हाय. धामणी शेपटीला धरून फिरवल्यात आम्ही."

"उंडेसाहेब, नको म्हणाले ना."

एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ललिता गॅस बंद करायला गेली आणि उंड्यांनी झाकण सरकवून हात घातला. मी बाहेरच्या खोलीत होते, मला फक्त आरोळी ऐकू आली. जावाने त्यांच्या तळव्याची कड धरली होती. उंड्यांनी हात हिसडला तशी पेटी टेबलावर आडवी झाली, भुसा आणि पाणी त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर, चंपाबाई पलंगावर चढलेल्या. ललिता धावत आली. "हलू नका! हिसडू नका, त्याचे दात मोडतील!" ती ओरडली. उंड्यांना हे ऐकून जास्तच लागलं. तिने सापाचं अंग हातावर पेललं, उंड्यांना बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. साप सुटला. तिने त्याला उशीच्या अभ्र्यात ठेवलं आणि मगच उंड्यांच्या हाताला औषध लावलं.

त्यांनी आभार मानले नाहीत. रविवारी सभा बोलावली.

त्या सभेचा मला अजून संताप येतो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. उंडे पट्टी बांधलेला हात मांडीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवून बसले होते. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, इथपर्यंत ठीक होतं. पुढे ते म्हणाले, "आणि फ्रीजमध्ये मेलेले उंदीर ठेवतात. आता ज्यांच्यात चालतं त्यांच्यात चालत असेल. पण सोसायटीत सगळ्या प्रकारची लोकं राहत्यात."

लॅपटॉप मांडीवर घेतलेली पोरं पडद्यात डोकं घालून बसली. ज्यांच्याबरोबर आम्ही तीस वर्षं डबे खाल्ले होते ते आमचे टेलिफोनवाले जमिनीकडे बघायला लागले.

ललिता उठली. आवाज अजिबात चढवला नाही.

"उंडेसाहेब, ज्यांच्यात म्हणजे कुणाच्यात?"

"तसं नाय, बाई. मी आपलं जनरल बोललो."

"जनरल नको. ही जनरल बोलणी मी लहानपणापासून ऐकतेय. कुणाच्यात ते स्पष्ट सांगा, सेक्रेटरी लिहून घेतील."

उंडे हातावरची पट्टी नीट करायला लागले.

"मग मी सांगते. उंदीर साप खातो, मी वरणभात खाते. साप माझ्या मुलाचा आहे. इथे दुसऱ्या कुणाकडे असता तर तुम्ही त्याला 'हाय-फाय शौक' म्हणाला असता. माझ्याकडे आहे म्हणून लगेच तुम्हाला 'त्यांच्यात' आठवलं. पेटीला कुलूप हवं असेल तर लावते, ते म्हणणं रास्त आहे. पण जे बोललात ते आधी मागे घ्या. ते मागे घेतल्याशिवाय ही सभा पुढे जाणार नाही. मी रिटायर आहे, मला घाई नाही."

मी उभी राहिले आणि म्हणाले, माझंही तेच म्हणणं आहे. पण लोकांना हलवलं ते चंपाबाईंनी. त्या मागच्या खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी होते तिथं. बाईंनी यांना दोनदा नको म्हणून सांगितलं. बाईंची पाठ फिरली आणि यांनी हात घातला. परक्याच्या घरात न विचारता हात घालायचा आणि वर त्यांचं खाणंपिणं काढायचं? माझ्या सासूने असं केलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं."

त्यावर कुणीतरी हसलं, मग एक-दोघं बोलायला लागले. उंड्यांनी शब्द मागे घेतले, पण चेहऱ्याने नाही. साप राहील, पेटीला कुलूप लागेल, एवढं ठरलं. घरी आल्यावर मात्र ललिता चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. "सदतीस वर्षं नोकरी केली, मुक्ता," ती म्हणाली, "स्वतःचं घर घेतलं. आणि एका उंदरावरून मी पुन्हा तिथेच." मी चहा केला. दोघींनी तो गार होईपर्यंत प्यायला नाही.

दिवाळीनंतर धम्मदीपचा फोन आला. कंपनीने तिथेच कायम केलं होतं, घरही बघून झालं होतं. "आणि जावाची काळजी करू नकोस, आई. माझा मित्र आहे, अभिनव. तो घेऊन जाईल. देऊन टाक."

अभिनव आला. गोड मुलगा होता. ललिताने त्याला चहा दिला आणि विचारलं, "रोज किती वेळ द्याल?"

"काकू, ॲक्चुअली तसं टेक्निकली काही करावं लागत नाही ना. लो मेंटेनन्स पेट आहे. फ्रेंड्स आले की बाहेर काढू, रील वगैरे."

"चहा संपवा," ललिता म्हणाली. "साप मिळणार नाही."

त्या दिवशी तिने मुलाला फोन केला आणि मी इतकी वर्षं ओळखतेय त्या बाईला पहिल्यांदाच फोनवर ओरडताना ऐकलं. "देऊन टाक म्हणजे काय? तो फर्निचर आहे? कायमचा राहिलास ते मला ठरल्यावर सांगतोस, आणि साप देऊन टाक ते त्याच दमात! मला विचारायचं नव्हतंस तर नको विचारूस, पण आधी सांगायला काय झालं होतं? मी तुझी आई आहे की गोडाऊन?"

मग कल्याणीने फोन घेतला आणि ती रडत होती. महिनाभर आई-मुलगा बोलले नाहीत. कल्याणी मात्र दर दोन दिवसांनी फोन करायची, जावाने खाल्लं का, कात टाकली का विचारायची.

जानेवारीत दोघं पंधरा दिवसांसाठी आले. धम्मदीप थेट सापाच्या खोलीत गेला आणि झाकणाला हात घातला.

"थांब," ललिता म्हणाली. "आधी हात धू. मग ती काठी घे. अंगाला लाव. डोक्याला नाही, अंगाला."

त्याने मुकाट्याने हात धुतले. काठी लावली. जावाने मान मागे घेतली आणि तो सावकाश त्याच्या हातावर आला. धम्मदीप आईकडे न बघता म्हणाला, "मी तुला न सांगता ठरवलं ते चुकलं."

"चुकलंच," ललिता म्हणाली. "जेवायला बस."

तिने त्याला तेवढ्यावर माफ केलं असं मला वाटत नाही. पण त्या पंधरवड्यात मायलेक एकदा कात्रजला डॉक्टरीणबाईंना भेटून आले आणि एक रविवार विहारातही गेले. तिकडे येऊन राहा, असं तो म्हणाला. बघू, असं ती म्हणाली. विमानतळावर सोडून आल्यावर तिने मला हाक मारली. जावाच्या जेवणाचा दिवस होता.

उंदीर कोमट झाला, लांब चिमट्याने तिने तो आत धरला. जावाने वास घेतला, जीभ आत-बाहेर केली आणि शांतपणे तोंड फिरवलं. तिने पुन्हा धरला. त्याने पुन्हा फिरवलं आणि भांड्यामागे जाऊन चेंडू झाला.

"आता याला काय झालं?" ललिताने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थंडीत हे खात नाहीत, काही वेळा दोन-दोन महिने. काळजी नको, उन्हाळ्यात खाईल.

"मग हे आधी सांगायचं ना!" ललिता फोनवर कडाडली. "इथे मी त्याच्यासाठी पाणी तापवत बसलेय!"

फोन ठेवला आणि पेटीकडे वळून ती अजूनही चिडूनच म्हणाली, "आणि तुलाही सांगता येत नाही. बरं. नको खाऊस. पण पाणी तरी पी."